सातशे ग्रॅम

मुरार, ग्वाल्हेर
२१ फेब्रुवारी २०२५

इंदुआत्या, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, खासगी बाजारातल्या घरी आई-बाबा मजेत आहेत. चौकशी समितीने आमच्या सगळ्या संघाचे, आहार बघणाऱ्या माझ्यासकट, फोन जमा केलेत. गेस्ट हाउसच्या ऑफिसात एक फोन आहे, पण तिथे मॅनेजर कान लावून बसतो आणि तुला फोनवर ऐकू येत नाही. ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पोस्टाचा आसरा.

मिरजेच्या पेपरात कबड्डीची बातमी कुठे येणार? तर ऐक. आमची ‘ग्वाल्हेर गर्जना’ ३१ जानेवारीला लीगची अंतिम फेरी जिंकली. मिरवणूक निघाली, मालक समरजीत उघड्या जीपमध्ये उभे राहून आम्हा सर्वांच्या वतीने हार घेत होते. बिल्डर माणूस आहे, पाया कुणी खणला हे विसरायची सवय असते. एकोणीस दिवसांनी अहवाल आला: उपांत्य सामन्यानंतर घेतलेल्या सौरव कदमच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं (नाव वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत ठेवलंय). सौरव म्हणजे आमचा मुख्य चढाईपटू, इथल्याच हजीऱ्याचा, बावीस वर्षांचा. आता चषक पोलादी कपाटात आणि आम्ही गेस्ट हाउसात, दोघंही सीलबंद.

सौरव रडत नाही, भांडत नाही. एकच सांगतो, “ताई, मैंने कुछ नहीं लिया. आईची शपथ.” चार वर्षांची बंदी येईल. चार वर्षांनी चढाईपटू लग्नात पंगत वाढायला उरतो.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी कबड्डीत चेंडू कुठे असतो ते विचारलं. समरजीतनी वास्तुवाल्याला बोलावलं. त्याच्या सल्ल्याने सरावाची मॅट पूर्व-पश्चिम फिरवली, त्यामुळे आता सकाळी अर्ध्या संघाच्या डोळ्यांत ऊन जातं. आमचे प्रशिक्षक सूर्याजी सर येईल त्या पत्रकाराला सांगतात, “खेळ हे माझं मंदिर आहे.” बूट मात्र काढत नाहीत.

तू औषधाच्या खिडकीवर तीस वर्षं काढलीस, म्हणून विचारते. सामना २८ जानेवारीला संध्याकाळी होता. सकाळी अकराला वजन. आमच्या लीगमध्ये खेळाडू ऐंशी किलोच्या आत लागतो. सौरव सकाळी सातशे ग्रॅम जास्त भरला. नाश्ता बंद ठेवला, थोडा पळाला, साडेसातला त्याला लिंबूपाणी दिलं गेलं, आणि अकराला तो बरोबर आत आला. औषध नेमकं कधी पोटात गेलं असेल? माझा संशय पुष्करवर आहे. तो राखीव चढाईपटू, सौरव बाहेर गेला की त्याची जागा पक्की.

तुझी
सीमा

•

मिरज
२६ फेब्रुवारी

चि. सीमंतिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा करमणुकीसाठी आणि एकदा मला ते आवडलं नाही म्हणून.

तुमच्या अहवालात जे नाव आहे ती लघवीची गोळी. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना देतात, अंगातलं पाणी उतरावं म्हणून. खिडकीवर मी ती हजारोंनी दिली असेल. घेतली की तासाभरात माणूस न्हाणीघराची वाट धरतो आणि तीन-चार तासांत किलोभर उतरतो. ताकद तिने मिळत नाही, उलट पायात गोळे येतात. म्हणजे ही गोळी सौरवचं नुकसान करायला कुणी दिली नाही. त्याला वजनात बसवायला दिली. पुष्करला तर सौरव वजनात न बसलेलाच हवा होता. त्याने दिली असती तर बेसनाचे लाडू दिले असते.

आता तुझ्याबद्दल. जास्त वजन भरलेल्या माणसाला काट्यावर चढण्याआधी कुणी पाणी पाजतं का? आणि “त्याला लिंबूपाणी दिलं गेलं” हे काय मराठी आहे? तुमच्याकडे हिंदीच्या संगतीने सगळंच ‘दिलं जातं’ नि ‘केलं जातं’, हे मला माहीत आहे, मीही तिथलीच. पण बाकीच्या पत्रात तू असं एकही वाक्य लिहिलेलं नाहीस. नाश्ता कुणी बंद केला ते तू लिहिलं नाहीस, चालेल. पण तो ग्लास कुणी दिला?

खोकला आहे का अजून? सुंठ घे.

आत्या

•

मुरार
१५ मार्च

इंदुआत्या,

उत्तराला उशीर झाला. समितीने रोज बसवून ठेवलं आणि रोज उद्या या म्हणून सांगितलं. अध्यक्षांना आता चेंडू नसतो हे कळलंय, पण ते नाराज आहेत.

तू मला व्याकरण शिकवत बसलीस आणि इकडे प्रकरण सुटलं. काल दुपारी खोल्यांची झडती झाली. पुष्करच्या बॅगेत, मोज्यांच्या जोडीत खुपसलेला, त्याच गोळ्यांचा पत्ता, दहाची पट्टी, सापडला. एक गोळी काढलेली, बाकी नऊ जागेवर. पुष्कर म्हणाला, “ये मेरा नहीं है.” कुणी ऐकलं नाही. सगळेच तसं म्हणतात ना. सूर्याजी सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर डोळे पुसले. एका वाहिनीवाल्याला ते नीट मिळालं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पुसले.

पत्ता खरा आहे. अध्यक्षांनी तो सगळ्यांच्या हातातून फिरवला, लग्नात अक्षता फिरवाव्यात तसा. बोटांच्या ठशांचा विचार नंतर कुणाला तरी सुचला. मी नीट पाहिला. नाव तेच, उत्पादन फेब्रुवारी २०२५, मुदत दोन वर्षं. तू विचारशीलच म्हणून लिहून ठेवलं.

पुष्करला आज घरी पाठवलं. तोही मुरारचाच, वडील लष्कराच्या कँटीनमध्ये होते. कालपासून त्याच्या घराबाहेर पोरं घोषणा देतात. वाईट वाटतं, पण आता सौरव सुटेल. सूर्याजी सर म्हणाले की पुष्करनेच त्याच्या पाण्यात गोळी टाकली असं समितीला पटत आलंय. सौरवला एकदा मोकळं केलं की मीही शांत झोपेन.

सौरवची आई मंदाताई रोज फाटकाशी येते. तिला आत सोडत नाहीत. आज मी बाहेर गेले तेव्हा तिने माझा हात धरला. “तुमच्यावर भरवसा होता माझा,” म्हणाली. “तुम्ही बघितल्याशिवाय तो ताटाला हात लावत नव्हता. घरी आला की मला म्हणायचा, आई, सीमाताईंना विचारून कर भाजी.” मी तिला म्हटलं, सुटेल तो. आणखी काय म्हणणार?

खोकला गेला.

सीमा

•

मिरज
२० मार्च

सीमंतिनी,

तू हुशार आहेस आणि या पत्रात तू हुशारी बाजूला ठेवून लिहिलंस, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

स्वतःच्या हाताने काय लिहिलंस ते पुन्हा वाच. उत्पादन फेब्रुवारी २०२५. सामना २८ जानेवारीला. जी गोळी फेब्रुवारीत तयार झाली ती जानेवारीत सौरवच्या पोटात कशी जाईल? हा पत्ता सामन्याच्या वेळी जन्मलाही नव्हता. तो अलीकडे कुणीतरी दुकानातून विकत आणला, एक गोळी काढून फेकली आणि पुष्करच्या मोज्यात घातला. तुमच्या न्यायाधीशांना हे दिसलं नाही, कारण त्यांना चष्मा नाकावर ठेवायची सवय आहे, डोळ्यांवर नाही. पण तुला दिसलं होतं. दिसलं नसतं तर तू तारीख लिहून घेतली नसतीस.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. खरा माणूस अजून तुमच्यात आहे, आणि तो घाबरलाय. घाबरलेला माणूस एकाला बुडवून थांबत नाही.

पत्ता जिथून घेतला ते दुकान सापडेल. मुरारमध्ये औषधांची दुकानं असून असून किती? जाऊन विचार. आमचा धंदा तुला माहीत नाही, आम्ही माणसाचा चेहरा विसरतो, पण चिठ्ठीशिवाय गोळी मागणारा विसरत नाही.

आणि मी पुन्हा विचारते. या वेळी सुंठ, खोकला, मंदाताई काही मध्ये आणू नकोस. ग्लास कुणी दिला?

आत्या

•

मुरार
२५ मार्च

आत्या,

मी दिला.

२८ जानेवारीच्या सकाळी सौरव काट्यावरून उतरला आणि माझ्याकडे बघून हसला, की आता तुम्हीच काही तरी करा. मी म्हटलं, पळ, घाम काढ. मग मी स्वयंपाकघरात गेले. मागून सूर्याजी सर आले. हातात कागदाची पुडी. “क्षार आहेत,” म्हणाले. “उपाशी पळतोय, गोळे येऊन पडेल. अर्ध्या ग्लासात घाल लिंबाबरोबर.” मी विचारलं, “डबा कुठे आहे, सर? लेबल?” ते म्हणाले, “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक नियम चिकटवलेला आहे: ज्यावर नाव नाही ते खेळाडूच्या तोंडी नाही. अक्षर माझं आहे. त्या भिंतीसमोर उभी राहून मी पुडी ढवळली.

सौरव एक घोट घेऊन थांबला. “ताई, कडू आहे.” मी म्हटलं, “पी.” त्याने प्यायलं.

नऊ वाजेपर्यंत तो पाच वेळा जाऊन आला. तेव्हाच मला कळलं, आत्या. अहवाल यायच्या आधी बावीस दिवस मला माहीत होतं. स्वतःला सांगितलं की लिंबाने होतं असं, घाबरून होतं. मग तो जिंकला, मग मिरवणूक, आणि मीही जीपच्या मागे नाचले.

अहवाल आला त्या दिवशी मी सरांकडे गेले. ते हरभरे सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, “तुझ्याच हातून प्यायलाय तो. पुडी कुणी पाहिली नाही, ग्लास सगळ्यांनी पाहिला.” आणि मला मूठभर हरभरे दिले. मी घेतले.

तू विचारशील, इतकी का घाबरलीस? मी बारा वर्षांची असताना बाबा मला मैदानावर सरांची चढाई बघायला न्यायचे. अख्खं मैदान त्यांचं नाव घ्यायचं. या संघात बाई नको असं सगळे म्हणत होते तेव्हा सरांनी मला आणलं. त्यांच्याबद्दल वाईट विचार करायला मला जमलंच नाही, आणि जमलं तोवर मी स्वतःच त्यात होते.

तारीख मला त्याच क्षणी दिसली होती. पत्ता पुढच्याच्या हातात देताना बोट नेमकं तिच्यावर होतं. मी पुढे दिला.

आता बोलले तर मलाही बंदी येईल. संघाबरोबरच्या माणसाने औषध दिलं तर नियम खेळाडूपेक्षा कडक आहेत. आणि पुरावा काय? सूर्याजी भोईटे एकीकडे आणि खासगी बाजारातली सीमंतिनी टेंबे दुसरीकडे. गावात कुणाचं ऐकतील ते तुला ठाऊक आहे.

काय करू ते सांग.

सीमा

•

मिरज
३० मार्च

सीमे,

तुझं पत्र वाचून मी रागावले नाही. रागवायला तोंड लागतं.

हे तुझ्या बाबालाही मी कधी सांगितलेलं नाही. मिरजेत नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी मी एका बाईला चुकीच्या औषधाची बाटली दिली. दोन बाटल्या शेजारी होत्या, मी बोलण्यात रंगले होते. ती गेल्यावर दहा मिनिटांनी लक्षात आलं. तिच्या घराचा पत्ता माझ्या वहीत होता, चालत वीस मिनिटांवर. मी तीन तास खिडकीत बसून राहिले आणि लोकांना औषधं देत राहिले. मनात एकच, की कदाचित घेणार नाही, कदाचित काही होणार नाही, आणि डॉक्टर किती चांगले बोलतात माझ्याबद्दल. ड्युटी संपल्यावर गेले. तिने घेतलं नव्हतं, कारण त्या दिवशी तिचा उपास होता. ती माझ्यामुळे वाचली नाही. मला चहा पाजून तिने बसवून घेतलं, आणि मी तो प्यायले.

म्हणून तुला उपदेश करायचा अधिकार माझा नाही, पण माहिती आहे ती देते. चूक दहा मिनिटांची असते. पुढचे तीन तास आपले स्वतःचे असतात. तुझे आता दोन महिने झालेत.

काय करायचं ते तुला माहीत आहे. नसतं तर तू विचारलं नसतंस. मी फक्त क्रम सांगते. आधी दुकान. पुरावा हातात नसताना गेलीस तर ते तुला वेडी ठरवतील, आणि पुष्करबरोबर तूही जाशील. दुकान सापडलं नाही, तरी जा.

नोकरी जाईल. आहार सगळ्यांना लागतो, कबड्डी न खेळणाऱ्यांनाही.

आत्या

•

खासगी बाजार, ग्वाल्हेर
२८ एप्रिल

आत्या,

पत्ता बदललेला बघून कळलंच असेल. सगळं सविस्तर लिहिते.

दुकान चौथ्या फेरीत सापडलं, गेस्ट हाउसपासून दोन गल्ल्यांवर. मी आत शिरले आणि मला काही विचारावंच लागलं नाही. गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीशेजारी, नवा कोरा फोटो: दुकानदार आणि सूर्याजी सर, गळ्यात गळा. खाली तारीख, १२ मार्च. दुकानदार अभिमानाने म्हणाला, “बाईसाहेब, खुद्द आये थे. मैंने पैसे ही नहीं लिये. गोळ्या काय मोठी गोष्ट आहे?” झडतीच्या दोन दिवस आधी. इतका मोठा माणूस, चोरून दहा गोळ्यासुद्धा घेऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर सुटले असते, पण फोटोला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. पैसे घेतले नाहीत तरी हिशेबासाठी बिल त्याने नोंदवलं होतं, वरती बॅच नंबर होता. फोटोची आणि बिलाची प्रत त्याने हौसेने दिली, आणि तो नंबर पुढे पत्त्याशी जुळला.

५ एप्रिलला मी समितीपुढे उभी राहिले. समोर अध्यक्ष, समरजीत, सूर्याजी सर, आणि भिंतीला टेकून सौरव. मी सांगितलं, ग्लास मी दिला, पुडी सरांनी दिली, आणि मला त्याच दिवशी कळलं होतं.

सर हसले. “पोरगी थकली आहे,” ते अध्यक्षांना म्हणाले. “तिला विश्रांती द्या.”

मी दुकानातला फोटो आणि बिल टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “सर, तुम्ही फार छान दिसता यात.” मग त्यांनी गोळ्यांचा पत्ता मागवला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्यानंतर खोलीत कुणी हसलं नाही.

“सूर्याजी सर, हा पत्ता तुम्ही कशासाठी घेतलात?”

“मला रक्तदाब आहे.”

“मग तो पुष्करच्या मोज्यात कसा गेला?”

सरांनी पाणी मागितलं. समरजीत उठले, त्यांना बाहेर जाऊन फोन करायचा होता. फोन जमा आहेत हे त्यांना दारापाशी आठवलं.

निकाल असा. सौरव निर्दोष, तरी नियमाप्रमाणे चषक गेला. सूर्याजी सरांना आयुष्यभराची बंदी लागली. परवा एका शाळेने त्यांना ‘खेळातील चारित्र्य’ या विषयावर भाषणाला बोलावलं, हार घातला, टाळ्या झाल्या. समरजीतनी पत्रक काढलं की संघाला कधी काही माहीत नव्हतं, आणि मॅट पुन्हा उत्तर-दक्षिण केली. पुष्करबद्दल लीगने दोन ओळींचा खेद व्यक्त केला, त्यात त्याचं आडनाव चुकलं. मला चार वर्षं. मी अपील करणार नाही. हजीऱ्यात एका दवाखान्यात मधुमेहाच्या रोग्यांना आहार सांगायला जाते. ते माझं काही ऐकत नाहीत, त्यामुळे बरं वाटतं.

मंदाताई निकालाच्या दुसऱ्या दिवशी येऊन आईजवळ बसली. म्हणाली, तुमच्या मुलीने माझ्या मुलाला वाचवलं. आई खुश झाली. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही.

सौरव काल आला. दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटलं, तो आला नाही.

“आईला वाटतं तुम्ही मला वाचवलं,” तो म्हणाला.

“तुला काय वाटतं?”

“ग्लासाचं मला काही नाही, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं. पण नंतर रोज मी तुमच्या शेजारी बसून जेवलो. पंचेचाळीस दिवस. मी स्वतःवरच शक घेत होतो, की झोपेत काही खाल्लं का, कुणाच्या बाटलीतलं प्यायलो का. तुम्ही बघत होता. पोळी वाढत होता.”

मी हो म्हटलं.

“बस, एवढंच सांगायचं होतं,” म्हणाला, आणि जिना उतरून गेला. नव्या संघाने त्याला घेतलंय, सोमवारी निघतो.

तुझं दहा मिनिटं आणि तीन तासांचं मी खूपदा मोजून पाहिलं. सौरवला ग्लास दिला तो न कळता दिला. पण पुष्करला मी कळून-सवरून चोर होऊ दिलं. हातात तारीख धरून. तुला तर लिहिलंसुद्धा, की आता मी शांत झोपेन. त्याबद्दल समितीने मला एक प्रश्नही विचारला नाही. नियमांत त्याला कलम नाही.

त्याच्या घराबाहेरची पोरं गेली आहेत, पण तो अजून बाहेर पडत नाही असं कळलं. उद्या सकाळी मी मुरारला जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. बोलायचं त्याला आहे. तो संपवेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुझी
सीमंतिनी